सिरा आणि शिराझ : ऱ्होन व बरोसाच्या वाइनची तुलना करताना या चुका टाळा

फ्रान्समधील उत्तर ऱ्होन खोऱ्यातली सिरा आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातील बरोसाची शिराझ या दोन्ही रेड वाइन एकाच वाणाच्या द्राक्षांपासून होतात. प्रदेश बदलला की वाइन किती बदलते हे पाहण्यासाठी याहून चांगली जोडी मिळणे कठीण आहे. मात्र दोन बाटल्या शेजारी ठेवून जो निष्कर्ष काढला जातो, तो बहुतेक वेळा प्रदेशाविषयी नसतोच. तो तापमानाचा, किमतीचा, लाकडी पिंपाचा किंवा बाटलीच्या वयाचा असतो. या गोष्टी आधी समान पातळीवर आणल्याशिवाय तुलनेला अर्थ उरत नाही.

सर्वांत मोठी चूक दुकानातच होते. ‘कोत द्यू ऱ्होन’ असे लिहिलेली बाटली ऱ्होनची सिरा म्हणून घेतली जाते, परंतु या नावाची बहुतेक रेड वाइन खोऱ्याच्या दक्षिण भागातून येते आणि तिच्यात ग्रनाश या वाणाचा वाटा मोठा असतो. उत्तर ऱ्होनच्या लेबलवर वाणाचे नाव सहसा छापलेले नसते, त्यामुळे गावांची आणि टेकड्यांची नावे ओळखावी लागतात : कोत रोती, एर्मिताज, क्रोझ एर्मिताज, सें जोसेफ आणि कॉर्नास. यांपैकी कॉर्नासची वाइन नियमानेच पूर्णपणे सिराची असते, तर कोत रोतीत व्हिओन्ये हे पांढरे द्राक्ष वीस टक्क्यांपर्यंत मिसळण्याची मुभा आहे. ऑस्ट्रेलियाच्या बाजूला ‘साउथ ईस्टर्न ऑस्ट्रेलिया’ असे लेबल असेल तर द्राक्षे अनेक राज्यांतून आलेली असू शकतात. ती बरोसाची प्रतिनिधी नव्हे. शिवाय ‘बरोसा व्हॅली’ आणि नुसते ‘बरोसा’ यांतही फरक आहे, कारण दुसऱ्या नावात उंचावरच्या, अधिक थंड ईडन व्हॅलीचाही समावेश होतो. (शिराझ हे इराणमधल्या एका शहराचेही नाव असल्यामुळे हे द्राक्ष तिथून आले असे अजूनही सांगितले जाते, पण 1998 साली डीएनए तपासणीतून त्याचे दोन्ही पूर्वज, द्युरेझा आणि माँदझ ब्लांश, आग्नेय फ्रान्समधलेच असल्याचे सिद्ध झाले.)

बाटल्या निवडताना दर्जाची पायरीही सारखी ठेवावी. नामांकित एर्मिताजसमोर रोजच्या वापराची स्वस्त शिराझ ठेवली, तर कळतो तो फक्त किमतीतला फरक. क्रोझ एर्मिताज आणि साधारण त्याच किमतीची बरोसा व्हॅली ही सुरुवातीसाठी रास्त जोडी आहे. सालही जवळचे असावे; मात्र बरोसाची काढणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल आणि ऱ्होनची सप्टेंबरच्या सुमारास होते, त्यामुळे एकाच सालच्या बाटल्यांत सुमारे सहा महिन्यांचे अंतर असतेच.

दुसरी चूक आपल्या हवामानामुळे हमखास होते. रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला थंड देशांतल्या घरांपुरता खरा आहे. एप्रिल-मे महिन्यात पुण्या-नागपुरातल्या खोलीचे तापमान त्यात धरलेले नाही. तीस अंशांच्या पुढे अल्कोहोलचा दर्प इतर सर्व गंधांवर मात करतो, आणि बरोसाच्या वाइनमध्ये अल्कोहोल बहुधा साडेचौदा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असल्यामुळे अन्याय तिच्यावरच अधिक होतो. उलट फ्रिजमधून थेट काढलेली ऱ्होन कडक आणि आंबट लागते. दोन्ही बाटल्या बर्फ आणि पाणी मिसळलेल्या भांड्यात दहा-बारा मिनिटे ठेवून सोळा ते अठरा अंशांपर्यंत आणाव्यात.

आता गंधाच्या तक्रारींविषयी. ऱ्होनची बाटली उघडताच जळलेल्या काडेपेटीच्या काडीचा, रबराचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास आला, तर काहीजण वाइन खराब झाली म्हणून ती ओतून देतात आणि काहीजण हाच तिथल्या मातीचा गुण समजून वाखाणतात. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. आंबवताना आणि साठवताना प्राणवायू कमी मिळाला की गंधकाची संयुगे तयार होतात आणि सिरा हे द्राक्ष या बाबतीत विशेष हळवे आहे. वाइन डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद बुडाच्या काचेच्या सुरईत, जोराने ओतून अर्धा तास थांबावे. तरीही शंका राहिली, तर एका पेल्यात तांब्याचा स्वच्छ चमचा मिनिटभर फिरवून पाहावा. तांबे या संयुगांना बांधून ठेवते आणि वास बऱ्याचदा तिथल्या तिथे विरतो. हा पेला केवळ तपासणीपुरता आहे, तो तुलनेत धरू नये. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र बुचाचा दोष असतो, तो हवेने जात नाही, आणि अशी बाटली दुकानात परत करणेच योग्य. तबेल्याचा किंवा बँडेजचा वास ब्रेटानोमायसिस या यीस्टमुळे येतो. त्याचे खापर किंवा श्रेय ऱ्होनच्या जमिनीला देऊ नये. फिरकीच्या झाकणाच्या बरोसातही गंधकाचा वास येऊ शकतो, म्हणून दोन्ही वाइनना सारखाच वेळ मोकळी हवा द्यावी.

काळ्या मिरीच्या गंधाबाबतही असाच गोंधळ होतो. तो रोटुंडोन या संयुगामुळे येतो, मिरीच्या दाण्यातही तेच असते, आणि सिरामधला त्याचा सहभाग ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2008 साली प्रसिद्ध केला. थंड जागी पिकलेल्या द्राक्षांत ते अधिक असते, म्हणून ऱ्होनमध्ये ते ठळक जाणवते. परंतु ऑस्ट्रेलियाच्याच व्हिक्टोरिया राज्यातील ग्रॅम्पियन्सच्या शिराझमध्येही ते भरपूर आढळते, तेव्हा मिरी म्हणजे फ्रान्स हे समीकरण टिकत नाही. शिवाय साधारण पाचांपैकी एकाला हा गंध येतच नाही. तुम्हाला मिरी जाणवली नाही, तर ती वाइनमध्ये नाही असे ठरवण्यापूर्वी आणखी दोघा-तिघांना विचारावे.

व्हॅनिला आणि नारळाच्या गंधाला बरोसाची ओळख मानणे हीही चूकच आहे. तो अमेरिकन ओक झाडाच्या लाकडाच्या नव्या पिंपांचा गुण आहे. मॅक्स शुबर्ट यांनी 1951 साली पेनफोल्ड्स या ऑस्ट्रेलियन कंपनीत ग्रेंज या पुढे प्रसिद्ध झालेल्या शिराझचा पहिला प्रयोग केला, तोही याच पिंपांत. आज तिथले अनेक उत्पादक फ्रेंच ओक वापरतात. बरोसाचा स्वतःचा स्वभाव पाहायचा असेल, तर पिकलेल्या काळ्या फळांचा भरदारपणा आणि मऊ टॅनिन (तोंडाला तुरटपणा आणणारे घटक) यांकडे लक्ष द्यावे. ऱ्होनमध्ये ताजी आम्लता, ऑलिव्हसारखा खारट गंध आणि अधिक ताठ टॅनिन शोधावे.

चाखताना पेले सारखेच घ्यावेत आणि ऱ्होन आधी घ्यावी, कारण बरोसाच्या दाट घोटानंतर ती पातळ भासते. जेवण नंतर. तांबड्या रश्श्यासोबत तुलना केली तर तिखटामुळे अल्कोहोलची जळजळ वाढते आणि बरोसा नाहक हरते. कमी तिखटाचे, अंगावर चरबी असलेले मटण दोघींनाही न्याय देते.

राहिली नाशिकची शिराझ. ती या दोघींपैकी एकीच्या रकान्यात बसवण्याचा मोह टाळावा. इथे पावसाळा सरताना छाटणी होते, द्राक्षे हिवाळ्याच्या कोरड्या हवेत पिकतात आणि काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये चालते. असे वेळापत्रक ना ऱ्होनचे आहे ना बरोसाचे. तिला तिसऱ्या पेल्यात, त्याच तापमानाला, स्वतंत्रपणे चाखावे.