नॉक बदलताना धनुष्य शेजारी हवं

तिरंदाजीच्या स्पर्धेला आठवडा उरला की बाण तपासायला काढायचे. आदल्या रात्री नाही. वेनचा (बाणाच्या मागच्या पिसांचा) गोंद पक्का व्हायला वेळ लागतो, कार्बनवरची बारीक चीर ट्यूबलाइटखाली दिसत नाही, आणि काही बिघडलंच तर मैदानावर जाऊन बाण मारून बघायला निदान दोन सराव हातात हवेत. दिवसा, खिडकीपाशी बसा. सामान फार लागत नाही: नॉक (बाणाच्या मागच्या टोकाचा, दोरीवर बसणारा खाचेचा प्लास्टिकचा तुकडा) काढायची छोटी पक्कड, कापूस, आयसोप्रोपिल अल्कोहोल, नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप, मार्कर, खाली अंथरायला वर्तमानपत्र.

आणि धनुष्य. ते कपाटावर बॅगेत असेल तर आधी उठा, काढा, स्टँडवर लावून शेजारी ठेवा. नॉक बदलणं हे बाणाचं काम वाटतं, म्हणून धनुष्य बॅगेतच राहतं. मागच्या वेळी माझंही राहिलं. दोरीचं सर्व्हिंग (नॉक बसतो तिथे दोरीभोवती गुंडाळलेला धागा) नुकतंच नव्यानं गुंडाळून घेतलं होतं, नॉक नेहमीच्याच कंपनीचे होते, म्हणून दोरीवर न लावता बाराही बाणांना बसवून टाकले. नवा धागा जाड होता. प्रत्येक नॉक दोरीला घट्ट धरून बसत होता, आणि ते स्पर्धेच्या सकाळी सरावाच्या बाणांत कळलं, जेव्हा बदलायला दुसरे नॉकही नव्हते आणि वेळही नव्हता.

तेव्हा सुरुवात अशी. नव्या पाकिटातला एक नॉक काढा आणि एकाच बाणात बसवा. बाराही नाही, एकच. तो बाण दोरीवर नेहमीच्या जागी लावा, बसताना हलकासा टक् आवाज यायला हवा. आता धनुष्य आडवं धरा, म्हणजे दोरी जमिनीला समांतर येईल, आणि बाण टोक खाली करून लोंबकळू द्या. आपल्याच वजनाने पडला तर नॉक सैल आहे. लटकून राहिला तर नॉकपासून दोन बोटं अंतरावर दोरीला टिचकी मारा. एका टिचकीत बाण सुटला पाहिजे. सुटला नाही, हाताने ओढून काढावा लागला, तर घट्ट आहे. एवढंच. यासाठी धनुष्य ओढावं लागत नाही आणि घरात ते ओढायचंही नाही. बाण लावून तर कधीच नाही, पोरं मध्येच धावत येतात.

घट्ट नॉकने काय होतं? बाण दोरी सोडताना दर वेळी थोडा वेगळा अडतो आणि टार्गेटवर वर-खाली पसरतो. कम्पाउंडला (टोकांना कॅम, म्हणजे चाकं, असलेल्या धनुष्याला) ५० मीटरवरून ८० सेंटीमीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त ८ सेंटीमीटर व्यासाचं असतं. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत १५० पैकी १५० मारले, म्हणजे पंधराच्या पंधरा बाण त्या वर्तुळात. त्याच स्पर्धेत आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. ते बघून ज्यांनी मुलांच्या हातात कम्पाउंड दिलं, त्यांनी हेही बघावं की असा खेळ बारा बाण एकसारखे सुटले तरच होतो, आणि बाणाचा दोरीशी संबंध येतो तो फक्त नॉकपुरता.

सैल नॉक त्याहून वाईट, कारण तिथे गुण नाही, माणूस दुखावतो. धनुष्य ओढताना किंवा न मारता परत खाली घेताना बाण दोरीवरून मागेपुढे सरकतो, आणि तशा अवस्थेत रिलीज (दोरी सोडायचं हातातलं साधन) दाबला गेला तर दोरी रिकामी सुटते. बाणाने घेऊन जायची ती सगळी ताकद लिंब (धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजा) आणि कॅममध्येच राहते. दोरी कॅमवरून उडते, कॅम वाकतो, लिंब तडकतो. हाच ड्राय फायर. नॉकच्या कानाला, म्हणजे खाचेच्या बाजूला, चीर असली आणि सुटताना कान तुटला, तरी परिणाम तोच. म्हणून जुने नॉक ठेवणार असाल तर प्रत्येकाचे दोन्ही कान नखाने जरा फाकवून उजेडात बघा. प्लास्टिकवर पांढरी रेघ उमटलेली दिसली की फेकून द्या. ‘अजून एक स्पर्धा निघेल’ असं म्हणू नका.

क्रॉसबोबद्दलही (बंदुकीसारखं धरायचं आडवं धनुष्य) लोक विचारतात, म्हणून इथेच सांगते. तिथे बाण रेलच्या, म्हणजे वरच्या पट्टीच्या, खोबणीत बसतो आणि दोरी मागून ढकलते. नॉक सपाट असतो, अर्धचंद्री असतो किंवा दोरीला पकडणारा असतो, आणि कुठला घालायचा हे त्या क्रॉसबोच्या बनवणाऱ्याने लिहून दिलेलं असतं. तेच घालायचं. अर्धचंद्रीची खाच दोरीच्या रेषेत आडवी नसेल तर दोरी नॉकच्या वरून किंवा खालून निसटते, आणि पुन्हा तोच ड्राय फायर, तोही कितीतरी जास्त ताकदीचा. दुसऱ्याच्या क्रॉसबोला चालतो म्हणून आपल्याला चालेल, हे तिथे अजिबात धरून चालू नका.

परत आपल्या बाणांकडे. पाकिटावरचं वाचा. ईस्टन कंपनीच्या जी नॉकमध्ये लहान खाच ०.०८८ इंचाची आणि मोठी ०.०९८ इंचाची येते. फरक जेमतेम पाव मिलिमीटर, डोळ्यांना दिसत नाही, दोरीला कळतो. सर्व्हिंग नवं करून घ्यायला जाल तेव्हा सोबत एक बाण न्या आणि तिथेच लावून बघा. धागा बदलला, पाकीट बदललं, रंग बदलला, दोरी बदलली: यातलं काहीही एक झालं तरी पुन्हा एक नॉक दोरीवर. रिकर्व्हवाल्यांनी (कॅम नसलेलं, टोकं पुढे वळलेलं धनुष्य) वरच्या आणि खालच्या नॉकिंग पॉइंटमध्ये (दोरीवर नॉकची जागा धरणाऱ्या गाठी) किंचित मोकळी जागा आहे का तेही बघावं, कारण पूर्ण ओढल्यावर दोरीचा कोन लहान होतो आणि नॉक चिमटला जातो. कम्पाउंडवाल्यांनी डी-लूपच्या (रिलीज अडकवायचा दोरीवरचा छोटा फास) दोन गाठी नॉकवर दाबून बसलेल्या नाहीत ना, ते.

हे जमलं की मगच जुने नॉक काढायचे. पकडीने धरून थोडा फिरवा आणि सरळ मागे ओढा. तिरका ओढलात तर थेट शाफ्टमध्ये (बाणाच्या नळीत) बसणाऱ्या नॉकला कार्बनची कड जाते आणि पिनवर (शाफ्टच्या मागून निघालेल्या बारीक काडीवर) बसणाऱ्याला पिन वाकते. दात लावू नका. नॉक आत तुटून राहिला असेल तर बारीक स्क्रू त्यात दोन आटे फिरवा आणि स्क्रू धरून ओढा. लायटर, मेणबत्ती, गॅस यातलं काहीही कार्बनजवळ नको. कार्बनचे धागे ज्या रेझिनने बांधलेले असतात ते तापलं की शाफ्ट कामातून जातो, आणि वरून काही दिसत नाही. पिनचा बाण असेल तर नॉक काढल्यावर बाण फिरवून पिन सरळ फिरते का बघा. वाकड्या पिनवर नवा नॉकही वाकडाच बसणार.

आता शाफ्ट. दुसऱ्या बाणाने नॉक फोडला असेल तर फक्त नॉक बदलून मोकळं होऊ नका. तो मार मागच्या टोकातून शाफ्टमध्ये गेलेला असतो. कापसाचा बोळा शाफ्टवरून मागेपुढे फिरवा, तंतू अडकला तिथे कार्बन उकललं आहे. मग दोन्ही टोकं धरून, चेहऱ्यापासून लांब, चष्मा असेल तर घालून, बाण हलका कमानीसारखा वाकवा आणि कान द्या. थोडा फिरवा, पुन्हा वाकवा, असं सगळ्या बाजूंनी. करकर ऐकू आली तर तो बाण मोडून टाका. बाजूला ठेवलात तर कुणीतरी उचलून मारेल, आणि सुटतानाच फुटलेला कार्बनचा बाण धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. या कामाला बारा बाणांना वेळ लागतो आणि कंटाळा येतो. तरीही बारा.

नवे नॉक बसवताना शाफ्टच्या तोंडाशी अल्कोहोलचा बोळा फिरवा, वाळू द्या, नॉक सरळ दाबा. नेलपॉलिश रिमूव्हर नको. त्यातल्या ॲसिटोनने नॉकचं पॉलीकार्बोनेट तडकतं. सैल बसतोय? फेविक्विक नको. पुढच्या वेळी तो नॉक निघणार नाही आणि वळवायचा म्हटलात तर वळणारही नाही. नॉकच्या दांड्यावर टेफ्लॉन टेपचा एक वेढा द्या किंवा पातळ पिशवीची पट्टी मध्ये घालून दाबा. लाकडी बाणाला वरून चिकटवायचे नॉक असतात, त्यांना अर्थात गोंद लागतोच.

मग खाच वळवायची. पिसारा रेस्टला (बाण टेकतो तो आधार) किंवा केबलला (कम्पाउंडच्या बाजूच्या दोऱ्या) घासू नये, अशा बेताने एका बाणाची खाच ठरवा आणि बाकीचे त्याच्याशी जुळवा. मागून एका ओळीत धरून पाहिलं की वेगळा असेल तो लगेच दिसतो. बाण बोटांवर फिरवून बघा, नॉक डगमगत असेल तर काढून पुन्हा बसवा, तरीही डगमगला तर दुसरा घाला. प्रत्येक बाणावर मार्करने क्रमांक घाला. सरावात एकच क्रमांक सारखा बाहेर जात असेल तर बाणाला दोष देण्याआधी त्याचा नॉक बदलून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं.

आणि दोरीवर लावा. हो, पुन्हा. पहिल्या बाणावर जमलं म्हणून बाकीचे अकरा जमतीलच असं नाही. एखादा नॉक साच्यातूनच वेगळा येतो. धनुष्य शेजारी आहेच, प्रत्येक बाण लावा, लोंबकळू द्या, टिचकी मारा. लागतील फार तर पाच मिनिटं.

उरलेलं पटकन. वेन सुटलेला असेल तर जुना गोंद बोथट पात्याने, कार्बन न खरवडता काढा, अल्कोहोलने पुसा, जिगमध्ये (वेन जागेवर धरणाऱ्या साच्यात) लावा आणि रात्रभर हात लावू नका. पॉइंट (बाणाचं पुढचं टोक) हलतोय? हॉट मेल्टने (तापवून लावायच्या गोंदाने) बसवलेला असेल तर नुसतं पॉइंटचं टोक गरम पाण्यात धरा, शाफ्ट नाही. टार्गेटच्या फोमचे डाग ओल्या फडक्याने.

नियमाचं: शाफ्टवर नाव किंवा आद्याक्षरं हवीत, आणि एका एंडमध्ये (एका पाळीत) मारलेल्या सगळ्या बाणांचे नॉक आणि पिसारे एकाच रंगाचे हवेत. तीन लाल नॉक संपले म्हणून एक हिरवा चालत नाही. दिवा लागणारे नॉक तर मुळीच नाहीत. बाण ट्यूबमध्ये भरा, वेन दबू देऊ नका. डबीत पक्कड, टेप आणि त्याच पाकिटातले, त्याच रंगाचे सहा तरी नॉक. तेही दोरीवर लावून पाहिलेले.