कुत्र्यासाठी घरी कपकेक करताय? या चुका टाळा

माझे पहिले कपकेक शेरूने तोंडात धरले, अंगणात नेले आणि लिंबाखाली खड्डा करून पुरून टाकले. शेजारच्या आजी ओट्यावर बसून बघत होत्या. "काय वं माय, आते कुत्राले बी केक?" असं म्हणून त्या जे हसल्या, ते आठवडाभर हसतच होत्या. हसण्यासारखंच होतं म्हणा. मी धुळ्यात घरून केकच्या ऑर्डरी घेते आणि माझ्याच घरच्या कुत्र्याने माझा केक मातीत गाडला.

आता महिन्याला एखादी ऑर्डर कुत्र्याच्या वाढदिवसाची असतेच. घरी करून बघणाऱ्यांचे फोनही येतात: मधे कच्चा राहिला, फुगला नाही, खाऊन जुलाब लागले. जवळजवळ प्रत्येक घोटाळ्याचं मूळ एकच निघतं. आपण तो केक आपल्या जिभेने करतो. गोड हवा, मऊ हवा, वर क्रीम हवं, फोटोत छान दिसायला हवा. कुत्रा आधी वासावर खातो. रंगाशी आणि क्रीमच्या फुलांशी त्याला काही देणंघेणं नाही.

आधी माझं माप सांगते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. 120 ग्रॅम कणीक, सालं काढून 200 ग्रॅम पिकलेली केळी, एक अंडं, दोन मोठे चमचे ताजं दही, एक लहान गाजर किसून, एक मोठा चमचा भाजलेल्या शेंगदाण्यांचं घरी वाटलेलं लोणी आणि अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर. साखर, गूळ, मीठ, इसेन्स काही नाही. बारा खळग्यांच्या आप्पेपात्रात दोन घाणे, म्हणजे चोवीस नग होतात.

डब्यातलं काहीही घालण्याची चूक

सगळ्यात जास्त विचारणा चॉकलेटची होते. "थोडासाच कोको घाला, रंग येईल." मी नाही म्हणते आणि ऑर्डर गेली तर जाऊ देते. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. वजनाच्या दर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आसपास गेलं की उलट्या, जुलाब, अस्वस्थपणा सुरू होऊ शकतो. त्याहून जास्त गेलं की हृदयाचे ठोके बिघडतात, झटके येतात. कोको पावडरच्या एका ग्रॅममध्येच साधारण 20 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त थिओब्रोमिन असतं. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दहा ग्रॅम कोको, दोनेक चमचे, त्रास द्यायला पुरे.

दुसरी गोष्ट दिसत नाही म्हणून जास्त घातक: झायलिटॉल. 'शुगर फ्री' लिहिलेल्या काही पीनट बटरमध्ये, च्युइंगममध्ये, साखरेच्या पर्यायी पुड्यांमध्ये ते असतं. माणसाला चालतं. कुत्र्याच्या शरीरात मात्र त्याने इन्सुलिन एकदम सुटतं आणि रक्तातली साखर कोसळते. किलोमागे 0.1 ग्रॅमसुद्धा धोक्याचं. त्याच्या पाचपट गेलं तर यकृतावर बेतू शकतं. पाकिटावर नाव नसलं तरी स्वीटनर म्हणून 967 हा आकडा असतो, तो शोधा. मी हा शोधाशोधीचा धंदाच बंद केला. आपल्याकडे शेंगदाण्यांना तोटा नाही, खलबत्ता नाहीतर मिक्सर घरोघरी आहे, मग विकतचं पीनट बटर कशाला?

पण शेंगदाणेही निवडून घ्या. पावसाळ्यात दमट कोठीत राहिलेले, सुरकुतलेले, काळपट, खवट वासाचे दाणे आपण "भाजले की चालतात" म्हणून वापरतो. त्यांच्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते भाजून पुरतं जात नाही आणि कुत्र्याचं यकृत त्याला फार लवकर बळी पडतं. शंका आली की दाणे फेका.

मनुके, बेदाणे, द्राक्षं अजिबात नाही. एकालाही मूत्रपिंडं बंद पडण्याची भीती असते आणि किती खाल्ल्यावर होईल याचा हिशोब कुत्र्यागणिक वेगळा. असं का होतं हे बरीच वर्षं कोडंच होतं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टरिक आम्लावर बोट ठेवलं, कारण क्रीम ऑफ टार्टर खाल्लेल्या कुत्र्यातही तशीच लक्षणं दिसली होती. पुढे चिंच खाल्लेल्या कुत्र्यांचीही नोंद झाली. केकवाल्यांनी हे लक्षात ठेवावं: अंड्याचा पांढरा भाग घट्ट फेटायला आपण जी पांढरी पूड घालतो ती म्हणजे हीच क्रीम ऑफ टार्टर.

जायफळ हे खास आपल्या घरांतलं. गोडाचं काही करायचं म्हटलं की हात आपोआप जायफळाच्या किसणीकडे जातो. त्यातलं मिरिस्टिसिन कुत्र्याला बाधतं, तेव्हा हात आवरा.

तिखटामिठाचे कपकेक करणाऱ्यांची वेगळी तऱ्हा. रात्रीचं मटण उरलंय, रस्सा निथळून टाकला, मांस बारीक करून पिठात घातलं. निथळलं म्हणून खान्देशी काळ्या मसाल्यातला कांदा-लसूण जातो थोडाच! कांदा, लसूण, त्यांची पावडर, सगळ्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि ते दोन-चार दिवसांनी दिसतं, म्हणून कपकेकवर संशयही जात नाही. भरताच्या वांग्याचंही तेच. वांगं भाजून तसंच चमचाभर दिलं तर ठीक, पण हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात कुटून घातलेलं भरत नको. मांस घालायचंच असेल तर नुसत्या पाण्यात उकडलेलं, हाडं काढलेलं चिकन घाला.

पिठाची गफलत

एका ताईंनी फोन केला की कपकेक छान झाले, पण कुत्रा सारखा पाणी पितोय. खोदून विचारल्यावर कळलं, पीठ कळण्याचं होतं! ज्वारी आणि उडीद दळतानाच त्यात मीठ टाकलेलं असतं, भाकरीला ते झकास. पण आपल्याला सवय झाल्यामुळे त्यात मीठ आहे हे आठवतच नाही. कुत्र्याच्या केकसाठी साधी ज्वारी, बाजरी किंवा कणीकच घ्या.

नुसत्या ज्वारीचे कपकेक हातात घेताच भुगा होतात, कारण ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही. अर्धी कणीक मिसळा. गहू चालत नसेल तर एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून ती घाला. ती चिकट होते आणि अंड्याचंही काम करते. अंडं न आणणाऱ्या घरांतही मी हेच सांगते.

याच्या उलट, दगड होण्याचं कारण बहुतेक वेळा जास्त फेटणं. माझं पहिलं पीठ मी पोळीच्या कणकेसारखं तिंबलं होतं. कोरडं आणि ओलं वेगवेगळं कालवा, मग एकत्र करून दहा-बारा वेळा सैल हाताने उलथा. गुठळ्या राहिल्या तर राहू द्या.

फुगले नाहीत म्हणून बेकिंग पावडर वाढवू नका. आणि ढोकळ्याची सवय असलेल्यांनी फ्रूट सॉल्टची पुडी तर उघडूच नका, त्यात सोडियम भरपूर असतं. कुत्र्याचा कपकेक थोडा बसकाच असतो. यीस्ट घातलेलं कच्चं पीठ उघड्यावर ठेवून कुठे जाऊ नका. ते पोटात फुगतं आणि त्यातून अल्कोहोल तयार होतं.

मधे गिच्च राहतो

ही तक्रार रावेर-यावलकडची माणसं जास्त करतात आणि कारण उघड आहे: घरात केळीचे घड पडलेले असतात. जी-नाइन जातीचं एकेक केळं चांगलं दणकट असतं. "दोन केळी" म्हणून घातलेली तीनशे ग्रॅम भरतात. मे महिन्यात तर सकाळचं पिवळं केळं संध्याकाळी काळं आणि पातळ झालेलं असतं, पिठाला पाणी सुटतं. म्हणून केळी मोजू नका, वजन करा. 120 ग्रॅम पिठाला 200 ग्रॅमपेक्षा जास्त नको. सालं विषारी नसली तरी पचायला जड, ती घालू नका.

ओव्हनमध्ये 170 अंशांवर लहान कपकेकना पंधरा ते अठरा मिनिटं लागतात. कुकरमध्ये करत असाल तर शिट्टी आणि रिंग काढून, तळाशी मीठ किंवा वाळू पसरून, वर जाळी ठेवा. दहा मिनिटं तापवून मग भांडं आत ठेवायचं. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. जाळी विसरली की खालून करपतं आणि मधे कच्चं राहतं. आप्पेपात्राला बोटाने पुसण्याइतकंच तेल. तूप सढळ हाताने सोडायची आपली सवय इथे महागात पडते, कारण एकदम जास्त स्निग्ध खाल्लं की काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. सुरी घालून कोरडी निघेपर्यंत भाजा. कच्च्या पिठाचं भांडं त्याला चाटायला देऊ नका, कच्चं अंडं असतं त्यात.

आणि थंड होऊ द्या! केळ्याचा गर आत बराच वेळ पेटलेला असतो. कुत्रा चावत बसत नाही, गिळतो.

वरची सजावट

विकतचं व्हिपिंग क्रीम, रंग, साखरेचे मणी, सगळं आपल्या डोळ्यांसाठी. त्याऐवजी बिनसाखरेचा चक्का किंवा उकडलेल्या गंगाफळाचा गर लावा, म्हणजे लाल भोपळा. रंगही सुंदर येतो. दूध मात्र नको. वयाने मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर पचवणारं पाचक कमी असतं, चक्क्यात ती साखर कमी उरते. गूळ "नैसर्गिक" म्हणून घालणारे भेटतात. त्याच्या शरीराला ती साखरच.

कागदी कप काढूनच द्या. शेरूने दुसऱ्या घाण्याचे दोन कागद गिळले होते आणि ते बाहेर पडेपर्यंत मी दोन दिवस बागेत त्याच्या मागे काठी घेऊन फिरले. मेणबत्ती फोटोपुरती. टूथपिकवर झेंडा लावायची फॅशन तर नकोच.

किती द्यायचा

खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांत बसावा, हा पशुवैद्यांचा साधा नियम. वरच्या मापाचा एक नग साधारण 33 कॅलरींचा. दहा किलोच्या, घरात राहणाऱ्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला सहाशेच्या आसपास कॅलरी लागतात. म्हणजे एक, फार तर दीड. पाच किलोच्याला एक. पंचवीस किलोचा लॅब्रॅडोर तीन खाऊ शकतो, पण त्या दिवशी बिस्किटं आणि भाकरीचा चुरा बंद. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा स्वादुपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका. पहिल्यांदा देताना नखाएवढा तुकडा द्या आणि दिवसभर खाज, उलटी, पातळ शी यांवर लक्ष ठेवा. वाढदिवसाला आलेल्या पाहुण्यांचा प्रत्येकी एक घास हा मोठा शत्रू. दहा पाहुणे, दहा घास.

चुकून चॉकलेट, मनुके किंवा झायलिटॉल पोटात गेलंच तर लक्षणांची वाट बघू नका. झायलिटॉलचा परिणाम अर्ध्या तासात दिसू शकतो, चॉकलेटचा बऱ्याच तासांनी, मनुक्यांनी मूत्रपिंडाला झालेली इजा एक-दोन दिवसांनी उघड होते. शेपूट हलवतोय म्हणजे ठीक आहे, असं होत नाही. काय खाल्लं, किती, कधी आणि कुत्र्याचं वजन, एवढं घेऊन पाकिटासकट जनावरांच्या डॉक्टरांकडे निघा. मिठाचं पाणी पाजून ओकवायचा घरगुती उपाय करू नका, त्या मिठानेच कुत्रा दगावू शकतो.

तोंड फिरवतो तेव्हा

केक नीट झाला आणि तरी तो बघत नाही, तर बहुधा वास कमी पडलाय. फ्रीजमधला गार कपकेक त्याला दगडासारखाच. थोडा कोमट करा, चिकन उकडलेलं बिनमिठाचं पाणी वर शिंपडा. एरवी अधाशी असलेला कुत्रा सगळंच खाणं सोडत असेल तर दोष कपकेकचा नाही, त्याला दाखवून आणा.

ठेवायचे कसे

आपल्याकडे पारा 45 ला टेकतो तेव्हा दह्या-केळ्याचा कपकेक सकाळी ओट्यावर ठेवला तर संध्याकाळी आंबूस येतो. वर मुंग्या असतातच. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच भाग काढून उरलेला देऊ नका. पुरते गार झाल्यावर झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये तीन दिवस. बाकीचे फ्रीझरमध्ये महिना-दोन महिने राहतात, पण लाईट जाऊन बराच वेळ फ्रीज बंद राहिला असेल तर मऊ पडलेले परत गोठवू नका.

डब्यावर मोठ्या अक्षरात 'शेरूचे' असं लिहा. आमच्याकडे ते राहून गेलं आणि माझ्या मामेसासऱ्यांनी दुपारच्या चहाबरोबर चार खाल्ले. "सूनबाई, बाकी बेस झालेत," ते म्हणाले, "फक्त साखर विसरलीस."