कुळागरात लोरिस दिसला? या चुका टाळा

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात कुळागरं (सुपारीच्या बागा) आणि काजूच्या बागा रानाला अगदी खेटून आहेत. त्यामुळे लोरिस, म्हणजे माकडांचा दूरचा नातेवाईक असलेला रात्री हिंडणारा छोटा प्राणी, कधी कुंपणावर, कधी मांगराच्या (बागेतल्या खोपीच्या) वाशाला आढळतो. वजन पाव किलोच्या आसपास, शेपूट नाही, डोळे मात्र तोंडभर. मदतीच्या घाईतच त्याचे हाल होताना पाहिलेत, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक पिल्लाच्या बाबतीत होते. रात्री किडे शोधायला जाताना आई पिल्लाला फांदीवर ठेवून जाते आणि नंतर येऊन घेऊन जाते. टॉर्चच्या उजेडात ते एकटं दिसलं की लोकांना वाटतं, आईनं टाकलं. ते टाकलेलं नसतं. आपण घरी आणलं की मग मात्र खरोखर पोरकं होतं. पाच-साडेपाच महिने पोटात वाढवून आई एका वेळी एक, फार तर दोन पिल्लं देते. त्यातलं एक आपण उचलायचं?

दिवसा अंगाचा गोळा करून बसलेला लोरिस आजारी नसतो, झोपलेला असतो. जखम नसेल आणि कुत्र्या-मांजरांचा धोका नसेल, तर तिथंच राहू द्या.

दूध, केळं, पाव काहीही देऊ नका. त्याचं खाणं म्हणजे मुंग्या, वाळवी, नाकतोडे, पाली, झाडाचा डिंक. तोंडात दूध ओतलं तर ते फुप्फुसात जाऊन जीवावर बेततं.

जखमी असला तरी फांदीवरून ओढून काढू नका. त्याची पकड चिमट्यासारखी, तासन्‌तास न सुटणारी. ओढलं की बोटं दुखावतात आणि तो कडकडून चावतो. फांदीच कापून तिच्यासकट त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, वर कापड टाका, वनखात्याला फोन करा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे. लळा लागला म्हणून पाळणंही गुन्हाच.

फोटोसाठी डोळ्यांवर फ्लॅश मारू नका. बघायचंच असेल तर टॉर्चला लाल जिलेटिन लावा आणि लांबून बघा.

धडधाकट लोरिस ‘चांगल्या रानात’ म्हणून दूर नेऊन सोडणं हीसुद्धा चूकच. सापडला त्याच्याच जवळच्या झाडावर, तिन्हीसांजेनंतर सोडायला वनखात्याच्या माणसांना सांगा. तो उडी मारत नाही; पुढच्या फांदीला हात पोचला तरच पुढं जातो. म्हणून पावसाळ्याआधी बाग साफ करताना विजेच्या तारांजवळच्या फांद्या जरूर छाटा, पण एरवी दोन झाडांचे शेंडे जिथं जुळलेत तिथं कोयता लावू नका.