कोयंडा उचकटू नये म्हणून: घराचा आणि घरच्यांचा बंदोबस्त

घरफोडीच्या बातम्यांत एक वाक्य हमखास असतं: ‘चोरट्यांनी कडी-कोयंडा उचकटून आत प्रवेश केला.’ म्हणजे कुलूप पुष्कळदा शाबूतच असतं. आपण भारी कुलूप आणतो आणि अडकवतो ते पाऊण इंची स्क्रूंवर तगलेल्या कोयंड्यात. कटावणीचा एक हिसका बसला की कोयंडा स्क्रूंसकट बाहेर येतो. खर्च करायचा तो आधी इथे.

कोयंड्याचा एक स्क्रू काढून बघा. इंचभरही भरत नसेल तर सगळे बदला. लाकडी चौकट साधारण अडीच इंच जाड असते, तिथे 2 इंची, 10 नंबरचे स्क्रू लावा. आधी बारीक भोक पाडून स्क्रू पिळून बसवून घ्या. घाईत हातोडीने ठोकलेला स्क्रू लाकूड फाडतो आणि पकड धरत नाही. सुतार काम करत असताना समोर उभं राहायचं ते यासाठी. फ्लश डोअरची, म्हणजे सपाट प्लायच्या दाराची जाडी मात्र जेमतेम 30 ते 35 मिलिमीटर. तिथे लांब स्क्रूचा उपयोग नाही, आरपार बोल्टच हवेत: 8 मिलिमीटरचे, गुळगुळीत गोल डोक्याचे, डोकं बाहेर आणि नट आत. बाहेरून पाना लागत नाही. आतल्या बाजूला नटाखाली 3 मिलिमीटरची लोखंडी पट्टी घाला, नाहीतर जोर आला की नट फळीतच रुततो.

मग दार लावून आतून खांद्याने चौकट रेटा. भिंतीपासून हलली किंवा प्लास्टरला भेग दिसली, तर दोन्ही बाजूंना तीन-तीन अँकर फास्टनर (भिंतीच्या भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट) मारून घ्या. दार आणि चौकट यांच्यात कटावणीचं टोक शिरेल एवढी फट असेल तर बाहेरून लोखंडी अँगल लावून ती झाका.

नाइट लॅच असेल तर दार नुसतं ओढून घेऊन खाली जाऊ नका. तेव्हा फक्त उतरती जीभ अडकलेली असते, आणि साध्या लॅचची ती जीभ प्लास्टिकच्या कार्डानेही मागे सरते. किल्ली पूर्ण फिरवली की चौकोनी खिट्टी बाहेर येते, अडवते ती खिट्टी. गावाला जाताना बाहेर टांगलेलं कुलूप घर बंद असल्याचं सांगतं, म्हणून दारातच बसलेलं कुलूप बरं. किल्ली चपलांच्या रॅकमध्ये किंवा कुंडीखाली ठेवू नका. चोर पहिला हात तिथेच घालतो.

स्लायडिंग खिडकीचं तावदान वर उचलून रुळातून काढता येतं. खालच्या रुळात मापाची काठी घाला, वरच्या रुळात एक-दोन स्क्रू असे मारा की तावदान उचललंच जाणार नाही. बाथरूममधल्या काचेच्या पट्ट्या बाहेरून एकेक काढता येतात. तिथे आतून गज हवेतच. ग्रिलचा एक भाग मात्र उघडणारा ठेवा. त्याची किल्ली घरातल्या सगळ्यांना ठाऊक असावी, बाहेरून हात पोचणार नाही अशा खिळ्यावर. आग लागली तर वाट तेवढीच उरते, यात तडजोड नको.

कॅमेरा लावलात तर रेकॉर्डर टीव्हीखाली ठेवू नका, चोर तोच उचलून नेतात. वीज गेली तरी नेट चालू राहावं म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

आता माणसं. रात्री दाराशी खाटखूट ऐकू आली तर बघायला कोणी जायचं नाही. आतून भक्कम कडी लागणारी एक खोली आधीच ठरवा. लहान मुलांना कोणी उचलायचं, आजी-आजोबांना कोणी आणायचं, तेही ठरवा. तिथे चार्ज केलेला फोन, टॉर्च आणि शिट्टी ठेवा. कडी लावून 112 ला फोन करा. आधी पत्ता, मग जवळची खूण, मग किती माणसं दिसली. फोन ठेवू नका. पत्ता कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा, घाबरल्यावर स्वतःचा विंग नंबरही आठवत नाही. महिन्यातून एकदा दिवे बंद करून सगळ्यांनी त्या खोलीपर्यंत जाऊन बघा. आजींना उंबरठा अडतो, हे तेव्हाच कळतं.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपुरत्याच बळाचा. पळणाऱ्याचा पाठलाग करून मारणं त्यात बसत नाही. चोर शस्त्र दाखवून दागिने मागत असेल तर देऊन टाका.

चोरी झालेली दिसली तर आत पाऊल न टाकता बाहेरूनच पोलिसांना कळवा. कपाट आवरायला घेतलं की ठसे गेले. दागिन्यांचे फोटो, वजनं, पावत्या आणि प्रत्येक मोबाइलचा आयएमईआय क्रमांक (त्या फोनची स्वतःची ओळख, *#06# दाबल्यावर दिसतो) आजच लिहून घराबाहेर, नात्यातल्या कोणाकडे तरी ठेवा.