कंप्युटर चालू होताच कमांड चालवायचीये? आधी या चुका टाळा

"हाताने चालवली तर चालते रे, रीबूट केलं की चालत नाही." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचं न ऐकताच क्रॉनटॅब (क्रॉन हा प्रोग्रॅम ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवतो, त्याची यादी) उघडतो. इंदूरमधे आमच्या ओळखीत कोणाचंही लिनक्स अडलं की फोन मलाच येतो, आणि बहुतेक वेळा भानगड तीच असते. तुम्ही लॉगिन करून टर्मिनल उघडता तेव्हा मशीन अंघोळ-बिंघोळ उरकून बसलेलं असतं, बूटच्या वेळी ते अजून अंथरुणातच असतं.

दुसऱ्यांना काय बोलायचं, सगळ्यात मोठा घोळ मीच घातलाय. दवा बाजारात मामांचं होलसेलचं दुकान आहे, तिथे एका जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून बिलिंगचा डेटा ठेवलाय. मशीन रोज रात्री बंद, सकाळी चालू. मी म्हटलं सोपंय, रूटच्या (म्हणजे मशीनच्या मुख्य युजरच्या) क्रॉनमधे अ‍ॅट-रीबूटची, म्हणजे बूट होताच चालणारी, एक ओळ टाकू, सकाळी चालू झालं की बॅकअप बाहेरच्या डिस्कवर जाईल. हाताने चालवून बघितलं, मस्त चाललं, चहा पिऊन घरी आलो. दीड महिन्याने मामांचा फोन, "अरे बिल सेव्हच होईना!" जाऊन बघतो तर १२० जीबीची आतली एसएसडी गच्च भरलेली आणि बाहेरच्या डिस्कवर फक्त एक बॅकअप, मी हाताने घेतलेला तो.

झालं असं की उबुंटू डेस्कटॉपवर यूएसबी डिस्क माउंट होते, म्हणजे एका फोल्डरला जोडली जाऊन वापरता येते, ती लॉगिन झाल्यावर. क्रॉन त्याच्या आधीच पळतो. आणि मी शहाणपणा करून स्क्रिप्टमधे 'फोल्डर नसेल तर बनव' अशी ओळ घातलेली, म्हणजे मेकडिर डॅश पी. मग स्क्रिप्टने इमानदारीत मीडिया या फोल्डरखाली (बाहेरच्या डिस्क तिथेच माउंट होतात) डिस्कच्याच नावाचं फोल्डर बनवलं, आतल्या डिस्कवरच, आणि रोज दोन-अडीच जीबी तिथे ओतत राहिली. नंतर लॉगिन झाल्यावर खरी डिस्क आली, तिला ते नाव अडलेलं दिसलं, म्हणून ती शेवटी १ लावून शेजारी माउंट झाली. मामांना डिस्कचा दिवा लागलेला दिसायचा, ते निर्धास्त.

आता माझी सवय: डिस्क एफएसटॅबमधे (बूटला काय माउंट करायचं ती यादी) यूयूआयडीने, म्हणजे तिच्या कायमच्या ओळख-क्रमांकाने टाकायची, सोबत 'नोफेल', म्हणजे डिस्क नसली तरी अडू नको, हे लिहायचंच (नाहीतर एक दिवस डिस्क काढलेली असेल, मशीन ९० सेकंद वाट बघून इमर्जन्सी मोडमधे जाऊन बसेल आणि दुकान उघडायच्या वेळी तुम्हाला स्कूटर काढावी लागेल), आणि स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत 'माउंटपॉइंट' कमांडने तपासायचं. माउंट नसेल तर तिथेच बाहेर. ती मेकडिरची ओळ मी परत कधी लिहिली नाही.

दुसरा माझा राग म्हणजे स्क्रिप्टमधलं 'स्लीप ३०', म्हणजे ३० सेकंद नुसतं थांब. नेट येत नाही म्हणून स्लीप ३०, तरी जमेना म्हणून ६०, एकाने तर ३०० लावून ठेवलेलं! अरे, लाइट जाऊन आली की राउटरपण तेव्हाच चालू होतो, त्याला किती वेळ लागेल हे तुम्हाला कोणी सांगितलं? सिस्टमडीची (बूटला सगळं चालू करणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) सर्व्हिस बनवा, पाच-सात ओळींची फाइल असते, त्यात नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट (नेट आल्याचा टप्पा) 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' दोन्हीत लिहा. नुसतं आफ्टर फक्त क्रम ठरवतं, त्या टार्गेटला बोलावत नाही, आणि लोक नेमकं तेवढंच कॉपी करतात. वर 'रीस्टार्ट ऑन-फेल्युअर' लावा, म्हणजे पहिल्यांदा नाही जमलं तर परत प्रयत्न होईल.

बाकीच्या चुका पटापट. क्रॉनचा पाथ (कमांड कुठे शोधायची त्या फोल्डरांची यादी) अगदी तोकडा असतो, म्हणून कमांडचा पूर्ण पत्ता लिहा. बॅशआरसीत (टर्मिनलच्या सेटिंगची फाइल) टाकलेलं बूटला चालत नाही, टर्मिनल उघडलं की चालतं, आणि दहा टर्मिनल उघडले तर दहादा. सर्व्हिस 'स्टार्ट' केली म्हणजे ती दर बूटला चालायला 'इनेबल' झाली असं नाही. सर्व्हिसची फाइल बदलली की डेमन-रीलोड, म्हणजे सिस्टमडी ती परत वाचेल. स्क्रिप्ट विंडोजच्या नोटपॅडमधे लिहून आणली असेल तर ओळीच्या शेवटी नको ते कॅरेक्टर येतं आणि 'बॅड इंटरप्रिटर' दिसतं. दहा वर्षं जुनं ट्युटोरियल बघून आरसी-लोकल (बूटला चालणारी जुन्या पद्धतीची स्क्रिप्ट) शोधू नका, नव्या उबुंटूत ती फाइल आधीपासून नसतेच.

आणि लॉग. क्रॉन आउटपुट मेलने पाठवायला बघतो, घरच्या मशीनवर मेल पाठवायची सोयच नसते, मग एरर गेली हवेत. क्रॉनच्या ओळीत आउटपुट आणि एरर दोन्ही एका फाइलीत वळवा, सर्व्हिस असेल तर जर्नलसीटीएल (सिस्टमडीचा लॉग दाखवणारी कमांड) आहेच, डॅश बी लावलं की याच बूटचं दाखवतं. मला फोन करायच्या आधी ते वाचा. आणि खरोखर रीबूट करून बघा, एकदा नाही, दोनदा, आणि दुसऱ्यांदा लॉगिन न करता पाच मिनिटं मशीनला हात लावू नका.