कलिल साकळण्याच्या चाचणीपूर्वीची तयारी

फेरिक हायड्रॉक्साइडचे कलिल (पाण्यात तरंगत राहणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचे मिश्रण) किती क्षाराने साकळते, म्हणजे त्याचे कण गोळा होऊन वेगळे होतात, हे मोजायचे असेल, तर नळ्या मांडण्याआधी अपोहन, म्हणजे पातळ पडद्यातून विरघळलेले आयन बाहेर काढणे, पुरे करून घ्यावे. मागच्या वेळी नेमके तेच राहिले आणि सगळे आकडे टाकून द्यावे लागले. उकळत्या पाण्यात फेरिक क्लोराइड थेंबाथेंबाने सोडले की गडद तांबूस कलिल बनते, पण सोबत हायड्रोक्लोरिक आम्लही बनते आणि ते तिथेच राहते. धनभारित कणांभोवती क्लोराइड आधीच जमलेले असेल, तर बाहेरून घातलेल्या पोटॅशियम क्लोराइडचा हिशेब शून्यापासून सुरू होतच नाही. म्हणून कलिल सेलोफेनच्या पिशवीत भरून ऊर्ध्वपातित पाण्यात टांगावे, पाणी वारंवार बदलावे आणि बाहेरच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पाहावे. दुधी गढूळपणा ठळक दिसत असेल, तर अपोहन झालेले नाही. पाणी नितळ आहे एवढ्यावर विसंबू नये, कारण क्लोराइड डोळ्यांना दिसत नाही. मात्र अतिरेकही नको: कणांना भार देणारे आयनच निघून गेले, तर कलिल पिशवीतच साकळते.

काचसामान ऊर्ध्वपातित पाण्याने खळबळावे. नळाच्या पाण्यातले सल्फेट इथे घातक ठरते, कारण या कलिलाला पोटॅशियम क्लोराइड लिटरला सुमारे ९ मिलिमोल लागते, तर पोटॅशियम सल्फेट जेमतेम ०.२. कणाच्या विरुद्ध भाराचा आयन आणि त्याची संयुजा (त्यावरच्या भारांची संख्या) हीच इथे निर्णायक; त्यामुळे ॲल्युमिनियम क्लोराइड आणून ‘तीन भारांचा परिणाम’ शोधू नये, कारण ते तीन भार धन आयनावर असतात; इथे ऋण आयनच बदलून पाहावेत. क्षार वाढला की कणाभोवतीचा विद्युत थर आक्रसतो: एकसंयुजी क्षाराच्या ०.००१ मोलर द्रावणात त्याची जाडी सुमारे १० नॅनोमीटर, ०.१ मोलरमध्ये सुमारे १. मग कण इतके जवळ येतात की आकर्षण अपाकर्षणावर मात करते. अपोहन अर्धवट असेल, तर हा थर तुम्ही क्षार घालण्यापूर्वीच आक्रसलेला असतो.

प्रत्येक नळीतले एकूण आकारमान सारखे ठेवावे आणि क्षाराची संहती (लिटरमागे प्रमाण) मिश्रणाची धरावी, बाटलीतल्या द्रावणाची नव्हे. आधी दहापटींच्या पायऱ्या, मग मधल्या टप्प्यात बारीक. क्षार एकदम घालावा. थोडा थोडा घातल्यास जास्त लागतो. क्षाराविना एक नळी, तापमान एकच, निरीक्षण सर्वांचे दोन तासांनी.