हाताच्या हालचालीला प्रतिसाद देणारा प्रकल्प कसा उभारावा

संगणकाला पडदा, कीबोर्ड आणि माऊस यांच्या चौकटीतून बाहेर काढून माणसाचा स्पर्श, हालचाल, आवाज किंवा अंतर ओळखायला लावणे आणि प्रकाश, ध्वनी किंवा गतीच्या रूपाने त्याला उत्तर द्यायला लावणे, याला फिजिकल कम्प्युटिंग म्हणतात. या क्षेत्रात सर्वाधिक वापरला जाणारा आर्डुइनो बोर्ड, म्हणजे संगणकावर लिहिलेला कोड चालवून सेन्सर आणि दिवे हाताळणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी, २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ येथील इंटरॅक्शन डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत तयार झाला. तेथेच एर्नांदो बारागान या विद्यार्थ्याने २००३ मध्ये आपल्या प्रबंधासाठी ‘वायरिंग’ ही प्रणाली उभी केली होती आणि आर्डुइनोचा पाया तिच्यावरच रचला गेला. दोन्हींमागचा हेतू एकच होता: इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण न घेतलेल्या विद्यार्थ्यालाही आपली कल्पना प्रत्यक्षात उतरवता यावी.

तरीही बहुतेक विद्यार्थी आरंभ करतात तो सुट्या भागांच्या यादीपासून. आधी सेन्सर, म्हणजे अंतर, प्रकाश किंवा स्पर्श टिपणारा भाग, विकत घेतला जातो आणि मग त्याचे काय करायचे, याचा विचार सुरू होतो. त्याऐवजी कागदावर एकच वाक्य लिहावे: कोणी काय केले असता काय घडेल. या लेखापुरते ते वाक्य असे धरू: ‘भिंतीवरील दिव्याजवळ हात नेला की दिवा हळूहळू उजळेल आणि हात मागे घेतला की मंद होईल.’ या वाक्यात क्रियापदे माणसाची आणि दिव्याची आहेत, सेन्सरचे नावही नाही. ते येथे नसावे हेच बरे.

पडद्यामागचा माणूस

वाक्य ठरल्यावर लगेच वायर जोडायला बसू नये. पुठ्ठ्याच्या खोक्यात एक साधा दिवा ठेवावा, त्याला तेज कमी-जास्त करणारे बटण जोडावे आणि एका मित्राला आडोशाला बसवून, समोरच्या व्यक्तीचा हात जसा पुढे येईल तसे ते बटण फिरवायला सांगावे. प्रकल्पाची माहिती नसलेल्या चार-पाच जणांना खोक्यासमोर उभे करून पाहिले, तर हात किती अंतरावरून पुढे येतो, लोक सरळ हात नेतात की बाजूने, थांबून वाट पाहतात की कंटाळून निघून जातात, हे एका दुपारीत कळते. कोडची एक ओळही न लिहिता मिळालेली ही माहिती पुढे सेन्सर निवडताना आणि आकडे ठरवताना सर्वांत जास्त उपयोगी पडते. विद्यार्थी हीच पायरी सर्वाधिक गाळतात.

सेन्सर काय सांगतो आणि काय सांगत नाही

अंतर मोजण्यासाठी अल्ट्रासॉनिक सेन्सर स्वस्त आणि पुरेसा आहे. तो ४० किलोहर्ट्झचा, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा ध्वनी सोडतो आणि तो आदळून परत येईपर्यंत लागलेला वेळ मोजतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असल्यामुळे जाऊन-येऊन एक सेंटिमीटर अंतरासाठी साधारण ५८ मायक्रोसेकंद लागतात. मिळालेल्या वेळेला ५८ ने भागले की अंतर मिळते. दिवा जोडण्यापूर्वी हे अंतर नुसते सिरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डकडून येणारे आकडे संगणकावर दाखवणाऱ्या खिडकीत, छापावे आणि हात पुढे-मागे करत आकडे शांतपणे पाहावेत.

तेव्हा काही विचित्र गोष्टी दिसतील. समोर कोणीच नसताना मध्येच ० येतो. याचे कारण असे की, दिलेल्या मुदतीत प्रतिध्वनी न आल्यास आर्डुइनोचे ‘पल्सइन’ हे प्रतिध्वनीचा वेळ मोजणारे फंक्शन शून्य परत करते, आणि कोड त्याचा अर्थ ‘हात अगदी चिकटला आहे’ असा लावून रिकाम्या खोलीत दिवा झगझगीत पेटवतो. म्हणून शून्याचा अर्थ ‘कोणी नाही’ असाच घ्यावा, हे कोडमध्ये स्पष्ट लिहावे आणि ‘पल्सइन’ला सुमारे २५,००० मायक्रोसेकंदांची मुदत द्यावी, अन्यथा ते फंक्शन एका सेकंदापर्यंत अडून बसते आणि तोवर दिवाही गोठतो. मऊ, जाड कापड ध्वनी शोषून घेते आणि तिरका धरलेला तळहात तो भलतीकडे परावर्तित करतो. लांब बाह्यांचा कपडा घालून चाचणी केल्याशिवाय आकड्यांवर विश्वास ठेवू नये.

आकडे थरथरतात म्हणून त्यांची सरासरी काढण्याचा मोह होतो. दोन मापनांत साधारण ६० मिलिसेकंदांचे अंतर ठेवावे लागते आणि त्यामुळे दर वेळी नवी दहा मापने गोळा करून त्यांची सरासरी घेतली, तर दिवा अर्ध्या सेकंदाहून अधिक मागे पडतो. प्रतिसाद साधारण एक दशांश सेकंदाच्या आत आला, तरच माणसाला तो आपल्या कृतीचा परिणाम वाटतो. त्यामुळे प्रत्येक नव्या आकड्यासोबत शेवटच्या तीन आकड्यांतील मधला घ्यावा: एखादा बहकलेला आकडा गळून पडतो आणि विलंब एका मापनापुरताच राहतो. दिवा सुरू आणि बंद होण्याची सीमाही एकच ठेवू नये. हात ४० सेंटिमीटरच्या आत आल्यावर दिवा जागा व्हावा, पण ४५ च्या पलीकडे गेल्यावरच विझावा; नाहीतर सीमेवर थांबलेल्या हातापुढे तो फडफडत राहतो.

आर्डुइनोत दिव्याचे तेज ० (बंद) ते २५५ (पूर्ण) या पट्टीवर ठरते. हात जितका जवळ येईल त्याच्या सरळ प्रमाणात ते वाढवले, तर डोळ्याला ते आरंभीच भरभर वाढून पुढे जवळजवळ थांबल्यासारखे वाटते, कारण मंद प्रकाशातील फरक डोळा अधिक तीव्रतेने टिपतो. आकड्याचा वर्ग करून त्याला २५५ ने भागावे. १२८ च्या जागी ६४ जाईल आणि उजळणे एकसारखे वाटू लागेल. एवढ्या एका ओळीने दिव्याचा स्वभावच बदलतो.

वीज

दिव्यासाठी रंग बदलणारी एलईडी पट्टी वापरली, तर तिच्यातील एक एलईडी पूर्ण पांढऱ्या प्रकाशात सुमारे ६० मिलिअँपिअर वीज घेतो, म्हणजे ३० एलईडींना १.८ अँपिअर लागतील, तर संगणकाच्या साध्या यूएसबी पोर्टची हमी ५०० मिलिअँपिअरची असते. हात जवळ येताच व्होल्टेज कोसळते, बोर्ड रीसेट होतो, दिवा विझतो, पुन्हा पेटतो. आणि विद्यार्थी रात्रभर कोडमधला दोष शोधत बसतो. पट्टीला ५ व्होल्टचा स्वतंत्र आणि पुरेशा क्षमतेचा पुरवठा द्यावा, त्याचे ग्राउंड (ऋण टोक) बोर्डच्या ग्राउंडला जोडावे आणि पुरवठ्याच्या दोन टोकांत १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून व्होल्टेज सावरणारा भाग), धन आणि ऋण टोके तपासून, लावावा.

अनोळखी हात

जोडणी झाल्यावर पुन्हा नव्या माणसांना बोलवावे आणि सूचना न देता बाजूला उभे राहावे. ‘इथे हात धरा’ असे सांगण्याची गरज भासली, तर खोक्याचा आकार, दिव्याची उंची किंवा सेन्सरची दिशा बदलावी. पाटी हा शेवटचा उपाय समजावा.

प्रदर्शनापूर्वी ब्रेडबोर्डवरील, म्हणजे तारा नुसत्या खोचण्याच्या पाटीवरील, जोडण्या सोल्डर करून (वितळलेल्या धातूने) पक्क्या कराव्यात आणि खोक्यातून बाहेर पडणारी केबल आत घट्ट बांधून घ्यावी, म्हणजे कोणाचा पाय अडकला तरी ताण जोडणीवर येणार नाही. प्रकल्प लॅपटॉपशिवाय, केवळ वीज सुरू करताच चालू होतो का, हे दोन-तीनदा पाहावे. नोंदीसाठी हात आणि दिवा एकाच चौकटीत दिसतील असे न कापलेले चित्रीकरण, सर्किटची आकृती आणि ज्या आकड्यांवर दिवा बसवला ते आकडे जपून ठेवावेत. खोली बदलली की त्यांतले निदान दोन-तीन पुन्हा ठरवावे लागतात.